पावसाळ्यानंतरचे गुण

रुखसाना,

तुझ्या शोकसभेत संस्थेच्या अध्यक्षांनी तुला 'शांत आणि मनमिळाऊ' म्हटलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, शेजारी आपली सुजाता. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं आणि दोघींनी माना खाली घातल्या. लोकांना वाटलं असेल, आम्हाला गहिवरून आलं. खरं तर हसू आवरत नव्हतं. याच अध्यक्षांच्या केबिनमध्ये पीओपीचं नवं छत झालं तेव्हा भर बैठकीत "सर, पंखा केवढा खाली आलाय बघितलंत का? आता उभ्याने आळस देऊ नका" असं सांगणारी बाई मनमिळाऊ? मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, तुझं नाव घेतलं आणि खाली बसले. जे बोलायचं होतं ते त्या सभेत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे बोलतेय, तुझ्याशीच.

शतक सरत आलं होतं तेव्हा तू आलीस. महाडच्या बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संस्थेने इंटिरियर डिझाईनचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला होता. मी पोलादपूरहून रोज एसटीने यायचे. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, ड्रॉइंग आणि एस्टिमेट शिकवणारी. मुली बहुतेक महाडच्या, काही पोलादपूरच्या, थोड्या खेड्यांतल्या. कुणाला लग्न ठरेपर्यंत वेळ काढायचा होता, कुणाला खरंच काम करायचं होतं. डिझाईन शिकवायला मुंबईहून कुणी आलं तरी टिकत नव्हतं. मग कळलं की तुडीलची एक मुलगी मुंबईत शिकून तिथेच नोकरी करत होती, आईची तब्येत बिघडली म्हणून गावी आलीय. मला वाटलं, आई बरी झाली की हीही जाणार. तुझी अम्मी बरी झाली, आणि तू गेली नाहीस.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पावसाने दडी मारली होती, नुसतं उकडत होतं, आणि भर दुपारी वीज गेली. पंखे थांबले. मी माझ्या वर्गात जे करायचे तेच तू करशील असं मला वाटलं, म्हणजे मुलींना सोडून देशील. तू म्हणालीस, "जिथे बरं वाटेल तिथे जाऊन बसा." खुर्च्या ओढल्याचा आवाज झाला. मी दारातून बघत होते. एक घोळका जिन्याकडच्या दाराशी गेला, काही जणी उत्तरेच्या खिडकीखाली जमिनीवर बसल्या, आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडकीजवळ, जिथे संस्थेने मुद्दाम टेबलं मांडली होती, तिथे कुणीच उरलं नाही. तू फळ्यावर खोलीचा चौकोन काढलास आणि प्रत्येकीच्या जागी एक टिंब दिलंस. मग म्हणालीस, "हा तुमचा पहिला प्लॅन. फर्निचर नंतर. आधी माणूस कुठे जाऊन बसतो ते बघायचं."

अभ्यासक्रमात 'पर्यावरणपूरक रचना' अशी एक ओळ होती, शेवटच्या प्रकरणात. तुझ्याआधीच्या मॅडम परीक्षेच्या तोंडावर नोट्स देऊन ती उरकायच्या. तू त्या एका ओळीचं वर्ष केलंस. पुण्याहून आलेल्या पुस्तकात 'शाश्वत' असा शब्द होता, तो मात्र तुला कधी आवडला नाही. "शाश्वत काय असतं गं विद्या? अल्लाहशिवाय काय नाय," असं म्हणून तू तो मुलींच्या वहीत खोडायला लावायचीस. त्याजागी तीन प्रश्न सांगायचीस. हे कुठून आलं? बिघडलं तर इथला माणूस दुरुस्त करू शकेल का? आणि नको झालं की कुठे जाईल? मुली हे प्रश्न पाठ करायच्या, आणि पाठ केले म्हणून तू चिडायचीस.

आपलं पहिलं भांडण याच प्रश्नांवरून झालं. तुझ्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी फर्निचरच्या शोरूममध्ये मुलाखतीला गेली आणि मालकाने लॅमिनेटच्या जाडीबद्दल विचारलं तर तिला सांगता आलं नाही. ती रडत माझ्याकडे आली. मी तडक तुझ्याकडे आले. म्हटलं, या मुलींचे बाप मुंबईत वॉचमन आहेत, गिरणी बंद पडून घरी बसलेत, ड्रायव्हर आहेत. पोरीला नोकरी लागेल म्हणून त्यांनी इथे घातलंय. पोरींना बाजारात जे चालतं ते शिकव. जांभ्या दगडाची आणि कौलांची कौतुकं त्यांच्या काय कामाची? तू ऐकून घेतलंस. पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी तू मुलींना घेऊन त्याच शोरूममध्ये जायला लागलीस. प्लाय, बोर्ड, लॅमिनेट, बिजागऱ्या, सगळं हाताळायला लावलंस, आणि मालकाला तेच तीन प्रश्न विचारून भंडावलंस. सहा महिन्यांनी तुला लॅमिनेटबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तुझं हे मला फार आवडायचं, रुखसाना. तू हरलीस की शिकायचीस आणि जिंकलीस की विसरून जायचीस. मी मात्र जिंकलेलं वर्षभर लक्षात ठेवायचे.

मुलींनी तुझी एक खोड शोधून काढली होती. रोजे असले की तू कमी बोलायचीस आणि ऐकायचीस जास्त. त्यामुळे रमजानमध्ये मॅडमना काहीही पटवता येतं, असं त्या म्हणायच्या आणि अवघड सबमिशनं त्या महिन्यावर ढकलायच्या. तुला हे माहीत होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या तुकडीत सुजाता आली. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीतली. वडील मुंबईत कॅन्टीनमध्ये, घरी आई आणि थोडी नाचणी-वरीची शेती. स्वतःच्या घराचा प्लॅन काढून आणा म्हटल्यावर तिने कोरा कागद आणला. तू कारण विचारलंस. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात हाय काय काढायला?" वर्ग हसला. तू हसली नाहीस, रागावलीही नाहीस. पुढच्या रविवारी सगळा वर्ग एसटीत घालून तू तिच्या वाडीवर नेलास. मीही आले होते, टेपचं दुसरं टोक धरायला. आपलं घर सगळ्यांना दिसणार म्हणून सुजाता गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती.

घर स्वच्छ होतं आणि स्वयंपाकघरात दिवसाही काळोख होता. सुजाताची आई चुलीपुढे बसून, हाताच्या अंदाजाने भाकऱ्या थापत होती. तू मुलींना सांगितलंस, या घरात काहीही नवं विकत आणायचं नाही, फक्त दोन-तीन काचेची कौलं सोडून, आणि या बाईला तिची भाकरी दिसली पाहिजे. वर्ग महिनाभर त्यावर बसला. शेवटी चुलीच्या वर दोन कौलं आणि पाण्याच्या हंड्यांवर एक, असं ठरलं. वाडीतल्याच माणसाने उन्हाळ्यात ती चढवली. पहिल्यांदा चुलीपाशी उजेडाचा पट्टा पडला तेव्हा सगळ्या मुली टाळ्या वाजवत होत्या, आणि सुजाता आईकडे बघत होती.

इतकं झाल्यावर कुठल्याही शिक्षकाने गुण देऊन टाकले असते. तू वीस गुण राखून ठेवलेस. म्हणालीस, ते पावसाळ्यानंतर. ऑफिसात गोंधळ झाला. निकाल एप्रिलात लावायचा, आणि ही बाई ऑक्टोबरची गोष्ट करतेय. मीही तुला वेड्यात काढलं. तेव्हा तू तोड काढलीस. निकालपत्रावर जे लिहायचं ते लिहू दिलंस, आणि हे वीस गुण तुझे तुझ्यापाशी ठेवलेस. पास होऊन गेलेल्या मुली ऑक्टोबरात कशाला येतील, असं मला वाटलं होतं. आल्या. दोघींची लग्नं झाली होती, त्याही आल्या.

चुलीवरच्या दोन्ही कौलांवर पोतं टाकलेलं होतं. सुजाताच्या आईला फार अवघडल्यासारखं झालं, आपण पोरींचं मन मोडलं असं वाटून ती पोतं काढायला निघाली. तू तिला थांबवलंस आणि जवळ बसून कारण विचारलंस. ती म्हणाली, "बाय, तू उजेड दिलास, पन थेंबबी दिलास. पिठात पडतंय." कौलांच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, आणि धुराने काच आतून काळी झाली होती. हंड्यांवरचं कौल मात्र लख्ख होतं. तिथे तिने धान्य निवडायची जागा केली होती. तू मुलींना पोतं टाकलेल्या कौलांचं चित्र काढायला बसवलंस, चांगल्या कौलाचं नव्हे. परत आल्यावर पोलादपूरच्या एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना गुण सांगितलेस, आणि सगळ्यांत आधी स्वतःचे. वीसपैकी सात. "मी शिकवलेलं होतं ना ते," म्हणालीस. मुलींना त्याहून जास्त दिलेस. त्या दिवशी मी घरी जाताना विचार करत होते की मला शिकवणाऱ्या एकाही माणसाने कधी स्वतःला गुण दिले नव्हते.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात तुझी फेरी ठरलेली. आपण सुचवलेली मांडणी, आपण हलवलेली खिडकी, आपण रंगवलेली भिंत, एक पाऊस झाल्यावर कशी आहे ते बघायला जायचं. काही घरी लोक खूश असायचे, काही घरी दार उघडायचे नाहीत. दोन्हीकडे तू सारख्याच उत्साहाने जायचीस.

आता तुझ्या घराबद्दल. सलीमभाई, तुझा धाकटा भाऊ, आखातात नोकरीला. त्याने जन्मभराच्या कष्टातून तुडीलला घर बांधायला काढलं, आणि आतलं सगळं तू करायचं असं ठरलं. एस्टिमेट मी केलं, म्हणून ते दिवस मला नीट आठवतात. तुझी ड्रॉइंगं सुंदर होती. खालचा मजला पूर्ण दगड, चुना आणि कडप्पा, लाकूड सगळं वर, कारण सावित्री नदी मागच्या अंगणापासून लांब नव्हती. सलीमभाईला ते साधं वाटलं. त्याने तिकडे शेठ लोकांची घरं बघितली होती. त्याला खाली मोठा हॉल हवा होता, चारही भिंतींना लाकडी पॅनेल, नदीच्या बाजूला सबंध काच. फोनवर तुमची खडाजंगी व्हायची. एकदा माझ्यासमोर तो फोन आला होता. तू म्हणालीस, "अरे, पाणी येतं रे तिथं." तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तू फोन ठेवलास. मग सांगितलंस, तो म्हणाला, मी पंधरा वर्षं पत्र्याच्या खोलीत सात माणसांत झोपलो, आता मला एक हॉल पण बघायला मिळू नये?

त्याने मुंबईचा डेकोरेटर लावला, पॅनेलं बसली, काच बसली, आणि तू तुझी ड्रॉइंगं गुंडाळून माळ्याखालच्या कपाटात ठेवून दिलीस. तू त्याच हॉलमध्ये रोज बसून चहा प्यायचीस, आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचीस, माझ्या भावाने केलंय. मी तुला टोमणा मारला की आता तुझे ते तीन प्रश्न कुठे गेले. तू म्हणालीस, "प्रश्न घराला हायत गं, भावाला नाय."

मग तो पाऊस आला. महाडला पुराची सवय आहे, बाजारपेठेतले व्यापारी पाणी चढायला लागलं की न बोलता माल वर नेतात. पण त्या वर्षी सवय उपयोगाला आली नाही. डोंगर खाली आले, गावंच्या गावं गाडली गेली, माणसं गेली. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. ते लिहायचं माझ्यात बळ नाही, आणि ती तुझीमाझी गोष्टही नाही.

तुडीलला तू अम्मीला घेऊन वरच्या मजल्यावर होतीस. पाणी ओसरल्यावर मी कशीबशी पोचले तेव्हा तू हॉलमध्ये गुडघाभर चिखलात उभी होतीस. पॅनेलं फुगून भिंतीपासून सुटली होती, काच नव्हती. तुझी ड्रॉइंगंही कपाटासकट गेली होती. फोन लागायला लागल्यावर सलीमभाईचा फोन आला. मी तिथेच होते. मला वाटलं, आता तरी ही बोलेल. एवढं बरोबर ठरलेलं माणूस एकदा तरी बोलतंच. तू म्हणालीस, "अम्मी बरी हाय. मी बरी हाय. बाकी लाकूड हाय रे, लाकडाचं काय." पलीकडे तो रडत होता आणि तू त्याला समजावत होतीस की हॉल छान होता, सगळ्यांनी बघितला.

रुखसाना, शिक्षिका म्हणून तुला मी खूप मानलं. पण त्या फोनसाठी मी तुला जितकं मानलं तितकं कशासाठीच नाही.

त्यानंतर तू म्हणालीस, वर्ग घेऊन घरोघर जायचं. काय टिकलं, काय गेलं, त्याची चित्रं काढायची. मी भडकले. लोक चिखल उपसतायत आणि आपण पट्ट्या घेऊन त्यांच्या दारात उभं राहायचं? तुला थोडं तरी कळतं का? तू म्हणालीस, "आधी फावडी. पट्ट्या नंतर." मुलींनी आणि आपण दोघींनी किती दिवस चिखल उपसला ते आठवत नाही, हातांना फोड आले होते तेवढं आठवतं. एका भांड्यांच्या दुकानाच्या मागच्या घरातली म्हातारी स्वतःहूनच म्हणाली, तुम्ही शाळेच्या पोरी ना, मग हे कपाट असं कसं झालं ते लिहून घ्या की. तेव्हा तू पिशवीतून टेप काढलीस.

मुलींनी चाळीसेक घरं बघितली असतील. ओट्याखाली बोर्डाची कपाटं होती ती सगळी गेली होती. कडप्प्याच्या फळ्या जशाच्या तशा होत्या, धुतल्या की झालं. त्यातून वर्गाने एक साधी मांडणी काढली. खाली कडप्पा, दारं अशी की पाणी चढायला लागलं की खुंटीवरून उचलून माळ्यावर टाकता येतील, आणि कागदपत्रांचा कप्पा डोक्याच्या वर. त्यात नवीन काही नव्हतं, तूच म्हणायचीस. पण लोकांनी ती करून घेतली. बाजारपेठेत अजून कितीतरी घरांत आहे. मुलींना कामं मिळायला लागली. मी खूश, तू बेचैन. पुरावर आपला धंदा चाललाय असं तुला वाटायचं. मी म्हणायचे, डॉक्टरचा तापावर चालतो. हा वाद आपण पुष्कळ दिवस घातला.

सुजाताने पोलादपूरला दुकान टाकलं तेव्हा तर तुझी पंचाईत झाली. तुझी सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी, आणि दुकानात पुढच्या भिंतीवर लॅमिनेटचे नमुने, चमचमीत. ती घाबरत तुला बोलवायला आली होती. तू गेलीस, पेढा खाल्लास, नमुने सगळे हात लावून बघितलेस, आणि तिला एवढंच सांगितलंस की गिऱ्हाईक कुठलंही असो, एक पाऊस झाल्यावर त्याच्या घरी जाऊन ये. सुजाता जाते. तिच्या धंद्यातले लोक हसतात तिला, विकलेल्या मालाकडे परत कोण बघायला जातं म्हणून. पण पोलादपुरात नवीन घर झालं की लोक तिलाच बोलावतात.

गेल्या वर्षी तुझं दुखणं निघालं. मुंबईच्या फेऱ्या, मग फेऱ्या बंद. मी शेवटची आले तेव्हा तू त्याच हॉलमध्ये खाटेवर होतीस. पूर आल्यापासून भिंती तशाच उघड्या, नुसत्या गिलाव्याच्या. सलीमभाई पैसे पाठवतो म्हणायचा आणि तू पुढच्या वर्षी बघू म्हणायचीस. मी तुला संस्थेतली गंमत सांगितली. एका कंपनीचा माणूस येऊन मुलींना 'हरित' बोर्डावर भाषण देऊन गेला, चकचकीत चित्रं दाखवून. तू विचारलंस, पाण्यात बुडवून बघितला का? म्हटलं, मुलींनी त्याच दिवशी बुडवला, बादलीत. फुगला. तू इतकी हसलीस की अम्मी आतून धावत आली. मग मी म्हटलं, पण ही फॅशन येतेय ती चांगलीच आहे. तू दहा वर्षं जे ओरडतेयस त्याला आता बाजारात भाव येईल. तू म्हणालीस, फॅशन जाते. मी म्हटलं, जाईपर्यंत पाच-पंचवीस मुलींना पगार मिळेल. तू काहीतरी बोलणार होतीस. दम लागला. हात हलवून म्हणालीस, "आता नको. गुरुवारी ये, तुला सांगते."

गुरुवारपर्यंत तू थांबली नाहीस. तू काय सांगणार होतीस ते मला सुचत नाही. मी तुझी बाजू घेऊन माझ्याशी बोलून बघितलं, तर तुझी बाजू फारच शहाण्यासारखी बोलते. तू तशी बोलायची नाहीस. तू मध्येच काहीतरी भलतंच विचारायचीस.

आणखी एक सांगायचं राहिलं. पुराच्या आधी मला पुण्याच्या एका बिल्डरकडे नोकरी चालून आली होती, इथल्या दुप्पट पगाराची. मी गेले नाही. सासूबाईंना पोलादपूर सोडवत नाही म्हणून मी थांबले असं सगळ्यांना वाटलं, तुलाही. सासूबाई एका पायावर तयार होत्या. मी थांबले कारण तुझ्या वर्गाच्या दारात उभं राहून ऐकायची मला सवय लागली होती. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस, म्हणून बोलले नाही. आता कर.

सलीमभाई आला होता, मातीला नाही पोचला, चाळिसाव्या दिवशी होता. त्याने मला आणि सुजाताला थांबवून घेतलं. म्हणाला, हा हॉल आता रुखसानाने काढला होता तसाच करायचा. ड्रॉइंगं कुठे आहेत? म्हटलं, पुरात गेली. तो म्हणाला, मग तुम्हाला आठवत असेल, एस्टिमेट तुम्हीच केलं होतं. मला आकडे आठवत होते, चित्र आठवत नव्हतं. तो त्या उघड्या भिंतींकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ती असती तर काय केली असती, तेवढा तरी सांगा."

मी काही बोलायच्या आत सुजाता म्हणाली, "मॅडमनी आधी विचारलं असतं, हितं राहनार कोन?"

त्याची बायको-मुलं मुंब्र्याला. तो परत जाणार. त्याने आत बघितलं. अम्मी दाराशी उभी होती. सुजाताने तिला खाटेवर आणून बसवलं आणि विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? अम्मीला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने रस्त्याच्या बाजूच्या भिंतीकडे हात केला. तिथे खिडकी होती, पण उंच, उभ्या माणसाच्या छातीएवढी. अम्मी म्हणाली, "मी बसलेली असतंय. मला कोण आला, कोण गेला, दिसत नाय. खिडकी खाली पाहिजे."

सलीमभाई म्हणाला, "अम्मी, एवढ्या वर्षांत बोलली नाय कधी?"

"तू नाय इचारलास," अम्मी म्हणाली. मग जरा हसून, "रुखसानानं पन नाय इचारला. तिला पोरींचा काम."

रुखसाना, दहा वर्षं मी तुझी एक चूक शोधत होते, अशी की जिच्यावर तुला काही बोलताच येणार नाही. ती अशी सापडली. तुझ्याच घरात, तुझ्याच खाटेसमोर. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की हिला आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, हिचं तोंड बघायला पाहिजे. तू कपाळावर हात मारून घेतला असतास आणि मोठ्याने हसली असतीस, आणि उद्या वर्गात सगळ्या मुलींना स्वतःहून सांगितलं असतंस. मी तुझ्या मातीला रडले नव्हते, शोकसभेतही नाही. त्या हॉलमध्ये रडले. अम्मीने मला जवळ घेतलं, आणि ती मात्र रडली नाही.

थोड्या वेळाने सुजाता खाटेवर अम्मीच्या शेजारी बसली, तिच्याइतकी वाकून, आणि तिला कुठपर्यंत दिसायला हवं ते विचारत राहिली. सलीमभाई भिंतीपाशी खडू घेऊन उभा होता. अम्मी सांगत होती, "आजून खाली. आजून थोडा." त्याने खूण केली.